छताच्या वर

टिळकवाडीतल्या नव्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
टाइल बाजूला सारून मी डोकं आत घालतो.
गार हवा कानाजवळून निघून जाते,
पाळीला निघालेल्या माणसासारखी, न बोलता.

इथं डक्ट नाही.
खोल्यांतली वापरून झालेली हवा जाळीतून वर येते
आणि हा सगळा माळा ओलांडत मशीनकडे परत जाते.
बिलाच्या खिडकीपुढच्या रांगेचा घाम,
फिनेल, आयोडिन,
सिस्टर फिलोमिनाच्या डब्यातला सुका बांगडा.
सगळं माझ्या तोंडावरून जातं,
मग गाळून, गार होऊन
दुसऱ्याच कुणाच्या उशाशी उतरतं.

हुबळीचा इंजिनिअर ह्या जागेला प्लेनम म्हणतो.
म्हणजे काय, विचारलं.
म्हणाला, भरलेलं.
मी हसलो. आम्ही पोकळी म्हणतो की हो, सर.
आठ दिवस वर रांगलो तेव्हा
त्याचंच बरोबर वाटायला लागलं.

पलीकडच्या टाइलीत रुद्रप्पा, बैलहोंगलचा.
मी येळ्ळूरचा.
तो 'बिडु' म्हणाला की मी सोडतो,
मी 'ओढ' म्हणालो की तो ओढतो.
खाली रस्त्यावर पाट्यांवरनं मोर्चा चाललेला,
घोषणा जाळीतून वर येत होत्या
नि आम्ही टाय आवळत होतो.

वायर दोन तऱ्हेची.
निळी स्वस्त, कुठंही मिळते.
पांढरी तिप्पट दराची,
तिच्या अंगावर हातहातभर अंतरानं
बारीक अक्षरांत तिचं शिक्षण छापलेलं.
मागं वाळूच्या ढिगाजवळ दोन्हींना काडी लावून बघितली.
निळीवर ज्योत चढत गेली, जळते थेंब गळले,
रुद्रप्पा 'होगे, होगे' करत डोळे चोळत उठला.
पांढरी नुसती काळवंडली,
रुसल्यागत आक्रसली,
काडी काढली तशी विझली.

शेवटच्या दोन खोल्यांना
नेमिनाथ कंत्राटदारांनी निळीचे तीन खोके आणले.
वर कोण बघतंय, म्हणाले.
ते देवाबद्दल बोलत नव्हते.
आम्ही ओढली. पगार त्यांचा, शिडी त्यांची.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं,
भाऊ, ह्या खोलीत काम राहिलंय काय?
पाळणे मांडायचे आहेत.
आणि सहा पाळणे मांडले,
बरोबर जाळीखाली, ओळीनं,
गादीवरचं प्लास्टिक अजून न काढलेले.

मी जेवलो नाही असं काही नाही. जेवलो.
पण संध्याकाळी रुद्रप्पा घरी गेला नव्हता,
शिडीच्या पायरीवर बसून होता,
आणि मीही.

ऑफिसच्या मजल्यावरचं पांढरीचं उरलेलं रीळ आणलं.
निळीच्या शेपटाला पांढरीचं टोक बांधलं,
वर टेप गुंडाळला.
बिडु. ओढ. बिडु.
जी काढायची तिनंच
जी घालायची ती आत नेली,
कोपरे दाखवत, बीमखालनं वाकत.
रात्री दीडला पाळण्यांची खोली झाली.

शेजारच्या खोलीपर्यंत रीळ पुरलं नाही.
तिथं आता फायली असतात, एक झेरॉक्स मशीन,
आणि दुपारी डुलकी काढणारे कारकून हलगेकर.
त्यांच्या डोक्यावर नव्वद मीटर निळी आहे.
इंजिनिअरला फोन केला. बघू, म्हणाला.
हवा दोन्ही खोल्यांची एकच.

उतरण्याआधी त्या टाइलीच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहिलं: इथं निळी आहे, बदला.
रुद्रप्पानं पेन्सिल मागून घेतली,
थुंकी लावली,
आणि खाली तेच कन्नडात लिहिलं,
माझ्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

टाइल जागेवर बसवली.